हजेरीपटाबाहेरच्या बाई

स्मरणिकेच्या कामासाठी गेल्या श्रावणात आपल्या व्हॉट्सॲप गटावर शिक्षकांची यादी आली. शाळा सुरू झाल्यापासून आजवर शिकवून गेलेले सगळे गुरुजी, सर, बाई आणि मॅडम. प्रत्येकाचा विषय, रुजू झाल्याची तारीख, निवृत्तीचं साल. कार्यालयातल्या सेवापुस्तकांवरून आपल्या मंडळींनी महिनाभर खपून ती तयार केली होती. पुण्यात ऑफिसच्या बसमध्ये बसून मी ती वरून खाली वाचली. गणिताचे सर सापडले, पीटीचे सर सापडले, जेमतेम एक वर्ष राहिलेल्या हिंदीच्या मॅडमही सापडल्या. घंटा देणारे काका वेगळ्या यादीत होते. सापडल्या नाहीत त्या बालवाडीच्या दोघी बाई आणि तिथल्या मावशी.

मी गटावर विचारलं. उत्तर सरळ होतं : ‘कागदोपत्री नोंद नाही. बालवाडी शाळेच्या आस्थापनेत नव्हतीच.’ त्याखाली लगेच मेसेजची रांग लागली. कुणाला पळसाचा रंग आठवला, कुणाला मातीचे बैल, कुणाला खंजिरी. पण बाईंची नावं काय, असं विचारल्यावर गट एकदम शांत झाला. आपल्या लेखी त्या ‘मोठ्या बाई’ आणि ‘धाकट्या बाई’ होत्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला बाईंचं आडनाव लागत नाही, आणि नंतर कुणी विचारलं नाही.

संपादक मंडळ म्हणालं, तुला एवढं वाटतं ना, मग तूच लिही. मला एवढं वाटण्याला एक कारण आहे. ते शेवटाकडे सांगते. त्यासाठी जरा धीर गोळा करावा लागणार आहे.

निंबाखालची खोली

आवारात निंबाखाली जी टिनाची खोली आहे, जिच्यावर अजून ‘संगणक कक्ष’ अशी अर्धवट पुसलेली पाटी दिसते, ती आपली बालवाडी. नंतरच्या तुकड्यांना हे माहीत नसेल. साठच्या दशकाच्या अखेरीस ती सुरू झाली, असं जुनी मंडळी सांगतात. मी तिथे १९८४ ते १९८६ अशी दोन वर्षं होते. टिनाखाली फार तापायचं, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर भरायची आणि ऊन चढायच्या आत सुटायची.

खोलीत बाकं नव्हती. चारही भिंतींना जमिनीपासून आपल्या खांद्यापर्यंत काळा पट्टा रंगवलेला होता, त्याच्या वर चुना. काळा पट्टा आपला, चुना बाईंचा. प्रत्येकाच्या वाट्याला दोन्ही हात पसरल्यावर मावेल एवढी भिंत होती आणि तिच्यावर खडूने वाट्टेल ते काढायची मुभा होती. दुसऱ्याच्या भिंतीवर जायचं असेल तर त्याला विचारावं लागे.

एका कोपऱ्यात डबे. त्यांत सरकी, चिंचोके, सीताफळाच्या बिया, नदीतले गोटे, पऱ्हाटीच्या सारख्या लांबीच्या तोडलेल्या काड्या. गुंजा मात्र बाई कधी आणू देत नसत. दिसायला सुरेख, पण पोटात गेल्या तर विषारी. फाल्गुनात पळस फुलला की मावशी पदर भरून फुलं आणत. ती उकळली की केशरी रंग मिळे. हळदीचा पिवळा, निळीचा निळा, गेरूचा तांबडा, कोळशाचा काळा. बाभळीची काडी टोकाला चावून तिचा कुंचला करायचा. कागद म्हणजे हायस्कूलच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे पाठकोरे. एका बाजूला दहावीची बीजगणिताची चाचणी आणि दुसऱ्या बाजूला माझी केशरी गाय, असा एक कागद आमच्या घरी अजून आहे.

मी पहिले तीन महिने एक अक्षर बोलले नाही. घरी बडबड आणि शाळेत मुकी. आई घाबरून गेली होती. मोठ्या बाईंनी मला बोलायला लावलं नाही, की कुणाला हसू दिलं नाही. गाणी सुरू व्हायच्या आधी रोज माझ्या हातात खंजिरी द्यायच्या, एवढंच. सगळे गात आणि मी वाजवत असे. पोळ्याच्या सुमारास कधीतरी मी वाजवता वाजवता गायला लागले, ते मला स्वतःलाही कळलं नाही म्हणतात. आज कामाच्या निमित्ताने मी शंभर-दोनशे माणसांसमोर बोलते, तेव्हा बोटं नकळत टेबलाच्या कडेवर ठेका धरतात.

वहीतली तीन नावं

दिवाळीत यवतमाळला गेले, तेव्हा धाकट्या बाईंचा पत्ता शोधून काढला. मोठ्या बाई आता नाहीत. धाकट्या बाई गावाबाहेरच्या एका नव्या लेआउटमध्ये मुलाकडे राहतात. दार उघडून त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "खंजिरीवाली नं तू? ये वं, बस."

चहा झाल्यावर त्यांनी आतून एक वही आणली. मोठ्या बाईंची, प्रशिक्षणाच्या वेळची. पुठ्ठ्याला खादीचं कापड शिवलेलं. आत दर दिवसाची नोंद : कुठली गोष्ट, कुठलं गाणं, कुठलं साहित्य, कोण रडलं, कोण पहिल्यांदा हसलं. पहिल्या पानावर मात्र फक्त तीन नावं, एकाखाली एक : गिजुभाई, ताराबाई, अनुताई.

"मोठ्या बाई म्हणायच्या, हे आपलं घराणं," धाकट्या बाई म्हणाल्या. "गाणाऱ्यांचं राहते ना, तसं."

मला तोवर वाटत होतं की काळा पट्टा, सरकीचे डबे, पाठकोऱ्या कागदांवरचे रंग हे सगळं दोन प्रेमळ बायांना सुचलेलं असेल. पुण्याला परतल्यावर मी त्या तीन नावांच्या मागे लागले. जे हाती आलं ते आपल्या बालवाडीचाच इतिहास आहे, म्हणून इथे सांगते.

भावनगरची टेकडी

गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) पेशाने वकील. स्वतःचा मुलगा लहान असताना त्याला कसं शिकवावं या विचारात त्यांच्या हाती मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीची माहिती आली, आणि त्यांची वकिली मागे पडली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. १९२२ मध्ये तख्तेश्वरच्या टेकडीवर त्याची स्वतंत्र इमारत झाली. तिचं उद्घाटन कस्तुरबांनी केलं. भरघोस मिशा असलेल्या या माणसाला गुजरातेत लोक ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले.

माँटेसरींकडून गिजुभाईंनी पुष्कळ घेतलं : मुलाचा मान, हाताने शिकणं, शिक्षा नाही, बक्षीसही नाही. पण एका गोष्टीत ते त्यांच्यापासून दूर गेले. लहान वयात कल्पित गोष्टींपेक्षा खऱ्या वस्तूंशी आणि खऱ्या जगाशी मुलाची ओळख व्हावी, असं माँटेसरींचं मत होतं. गिजुभाईंनी गोष्टीला बालमंदिराच्या मध्यभागी आणून बसवलं. लोककथा, लोकगीतं, नाटक, नाच, चित्रं, माती. गोष्ट कशी निवडावी आणि कशी सांगावी यावर त्यांनी ‘वार्तानुं शास्त्र’ हा अख्खा ग्रंथ लिहिला. ‘दिवास्वप्न’ हे त्यांचं पुस्तक तर मराठीतही अनेक शिक्षकांनी वाचलेलं आहे. आपल्या बालवाडीत दिवसाची सुरुवात गोष्टीने का होत असे, याचं उत्तर मला इथे मिळालं.

अमरावतीची सून

दुसरं नाव ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचं. त्या आपल्या वऱ्हाडाच्या सून, हे मला माहीत नव्हतं. मुंबईच्या प्रार्थनासमाजी घरात वाढलेल्या आणि १९१४ मध्ये पदवीधर झालेल्या ताराबाई लग्नानंतर अमरावतीला आल्या. पती कृष्णराव मोडक तिथे वकील होते. संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघं वेगळे झाले. ताराबाई राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य म्हणून गेल्या. मानाची, पगाराची जागा होती. ती सोडून १९२३ मध्ये त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाची मराठी आवृत्ती ताराबाई चालवू लागल्या. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला आणि त्याला जोडून शिक्षक तयार करणारं अध्यापन मंदिरही. मराठीत बालशिक्षणाची जी भाषा आज आपण सहज वापरतो, ती घडवण्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

पण दादरचा शिशुविहार शहरातल्या बऱ्या घरांतल्या मुलांचा होता. माँटेसरींचं साहित्य लाकडाचं, मापात बनवलेलं, महागडं. खेड्यातल्या मुलाला हे कुठून मिळणार, हा प्रश्न गांधीजींनीही मांडला होता. ताराबाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मुंबई सोडली आणि १९४५ च्या अखेरीस समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलं.

तिथली एक हकीकत बालशिक्षणाच्या लोकांना पाठ असते. बालवाडी तयार झाली, पण अस्पृश्य मानलेल्या वस्तीतली मुलं येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. सडा घातलेल्या अंगणात गाणी, गोष्टी, शंख-शिंपले, बिया, खडे आणि माती घेऊन वर्ग भरू लागला. त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. एका मराठी बाईने एका वस्तीच्या अंगणात केलेली ही गोष्ट आहे. शब्द सगळ्यांना माहीत आहे, बाई फार थोड्यांना.

कोसबाडची टेकडी

बोर्डीच्या पहिल्या दिवसापासून ताराबाईंसोबत होत्या त्या अनुताई वाघ (१९१०–१९९२). तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. तरी शिकल्या, शिक्षिका झाल्या, नोकरी करत रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या, बी. ए. झाल्या तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. १९५७ मध्ये काम बोर्डीहून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हललं, वारली मुलांमध्ये. तिथे मुलं शाळेत येणार कशी? त्यांना गुरं राखायची असत, धाकटी भावंडं सांभाळायची असत. मग गुरं चरतात तिथेच ‘कुरणशाळा’ भरली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला ‘विकासवाडी’ म्हटलं. धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेली मुलगी त्याला पाळणाघरात ठेवून स्वतः वर्गात बसू शकली.

अनुताईंनी स्थानिक, जेमतेम शिकलेल्या बायांना बालवाडीच्या शिक्षिका म्हणून तयार केलं. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यानंतर जवळजवळ दोन दशकं अनुताईंनी ती टेकडी सांभाळली. ताराबाईंना पद्मभूषण, अनुताईंना पद्मश्री मिळाली. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक मोठ्या बाईंच्या ट्रंकेत होतं, असं धाकट्या बाई सांगतात.

आणि सगळं काही समुद्राकडूनच आलं असंही नाही. आपल्या शेजारी, वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला १९३७ नंतर नई तालीमचं काम उभं राहिलं. ज्या १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, त्याच वर्षी सेवाग्रामच्या परिषदेत सात वर्षांखालच्या मुलांसाठी पूर्व-बुनियादी शिक्षणाचा विचार पुढे आला. तिथे शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून कलाशिक्षक होते. मुलांची चित्रं त्यांनी फळावर गुण देण्यासाठी वापरली नाहीत. मूल कसं वाढतंय ते वाचण्यासाठी जपून ठेवली. त्यांचं ‘बच्चों की कला और शिक्षा’ १९५९ साली आलं. आपल्या बाई आपली चित्रं तारीख घालून गठ्ठ्याने बांधून ठेवत, ते आठवतं ना?

ते आपलं कसं झालं

घराणं मोठं असलं तरी प्रत्येक गावात गाणं नव्याने बसवावं लागतं. मोठ्या बाईंच्या वहीत ते कसं बसवलं हे दिसतं.

माँटेसरींच्या साहित्यात ध्वनिपेट्यांची एक जोडी असते. डब्या हलवायच्या आणि सारख्या आवाजाच्या जोड्या लावायच्या; कान तयार होतो. त्या विकत घेणं आपल्याला शक्यच नव्हतं. पण भुलाबाईच्या महिन्यात खिरापतीचा डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं, हे आपल्याकडे प्रत्येक पोरीला येतं. बाईंनी पावडरचे रिकामे डबे घेतले, सरकी, चिंचोके, वाळू, ज्वारी भरली आणि वर्षभर भुलाबाई मांडली. मुलांनाही त्यात बसवलं. भावनगरहून दादर, बोर्डी, कोसबाड करत आलेली गोष्ट आणि आपल्या अंगणातली गोष्ट एका डब्यात आली.

तान्ह्या पोळ्याचंही तसंच. त्या दिवशी लाकडी नंदी घेऊन दारोदार जायचं आणि बोजारा मिळवायचा, ही मुलांची मोठी हौस. पण लाकडी नंदी सगळ्यांच्या घरी कुठून असणार? बाई आठवडाभर आधी तळ्याकाठची माती आणवायच्या आणि वर्गात सगळ्यांना मातीचा बैल करायला लावायच्या. मिरवणुकीत फक्त मातीचेच बैल. कुणाच्या घरी काय आहे ते त्या दिवशी कुणालाच दिसत नसे. लहानपणी मला यात फक्त चिखल दिसला होता.

भाषेचा प्रश्न मोठा होता. आपल्या वर्गात घरी वऱ्हाडी बोलणारी मुलं होती, तशीच तांड्यावरून आलेली गोरमाटी बोलणारी, आणि केळापूर-झरीकडून आलेल्या घरांतली गोंडी-कोलामी बोलणारी. वहीत एका पानावर ‘पाणी’, ‘आई’, ‘भूक लागली’, ‘दुखतं’ हे शब्द चार बोलींत लिहिलेले आहेत. पुस्तकी मराठी या मुलांना परकी होती. गाणं, ठेका, चित्र आणि माती यांना परकं असं कुणी नव्हतं. म्हणून पहिलं वर्ष सगळं त्यांच्यावर चाले.

आणि तो काळा पट्टा. लिहायला लागायच्या आधी मुलाचा खांदा, मग मनगट, मग बोटं तयार व्हावी लागतात. भिंतीवर उभं राहून काढलेली मोठी वर्तुळं खांद्यासाठी होती, वाळूत बोटाने काढलेल्या लाटा मनगटासाठी, ठिपक्यांची रांगोळी बोटांसाठी. अक्षरं आली ती ग, म, भ, न अशी, वळणाने सोपी आधी. तोवर हात इतका सरावलेला असे की ‘ग’ हे आणखी एक चित्र वाटे. सरकी, चिंचोके आणि सीताफळाच्या बिया आकाराने वेगळ्या करून लावायच्या, मग तेच ढीग रंगाने फोडायचे, हा खेळ मी रोज खेळले. पुढे इंजिनिअरिंगला सॉर्टिंग शिकवलं, तेव्हा वर्गात मला ते नवं वाटलं नाही. का नाही, ते आता कळतं.

नोंद का नाही

आता यादीचा प्रश्न. बाई कागदावर का नाहीत?

आपल्याकडे शाळांना वेतनासाठी जे अनुदान मिळतं ते पहिलीपासून पुढे. पूर्व-प्राथमिक वर्ग त्या कक्षेबाहेर. त्यामुळे बालवाडी चालायची पालकांच्या फीवर आणि संस्थेच्या मर्जीवर. बाईंना पगार नव्हता, मानधन होतं. पगार नाही म्हणून सेवापुस्तक नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, पेन्शन नाही आणि स्मरणिकेच्या यादीत नाव नाही.

हा दोष आपल्याच शाळेचा नव्हे. राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांच्या शिक्षणाची दिशा दिली होती; खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण सहा ते चौदा वयासाठी. सहाच्या आतलं मूल प्रयत्नांच्या कलमात राहिलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही त्यांच्यासाठी सरकार व्यवस्था करू शकेल एवढंच म्हटलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, हे पुढचं पाऊल. आणि २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. प्रकरण गुजरातेतल्या दाहोदचं होतं. गिजुभाईंच्या बालमंदिरानंतर शंभर वर्षांनी हे घडलं. आपल्या बाई तर अंगणवाडीतही नव्हत्या. त्यांना हा निकालही लागू होत नाही.

माझा भाग

आता ते कारण.

२००६ साली मी पुण्यात नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. शाळेसाठी काहीतरी करावं असं मनात होतं. ओळखीतून जुने कॉम्प्युटर गोळा केले, तुकडीतल्या मित्रमैत्रिणींकडून वर्गणी काढली आणि अकरा मशीन यवतमाळला पाठवली. संस्थेला खोली हवी होती. निंबाखालची खोली रिकामी करण्यात आली. बालवाडीत तशी मुलंही कमी होऊ लागली होती. गावात टाय-बूटवाले केजी निघाले होते. उद्घाटनाला मी आले, फीत कापली, भाषण केलं. भाषणात मी म्हटलं की आपल्या शाळेतलं मूल आता जगाशी जोडलं जाईल. बालवाडी कुठे गेली, हे मी विचारलं नाही. ती बंद झाली होती. मोठ्या बाई त्याआधीच थकून घरी बसल्या होत्या. धाकट्या बाईंना पुढच्या महिन्यापासून येऊ नका, असं सांगितलं गेलं. त्यांचं महिन्याचं मानधन तेव्हा माझ्या एका दिवसाच्या पगाराइतकंही नव्हतं.

काही वर्षांत ती मशीन भंगारात गेली. खोलीला आता कुलूप असतं.

दिवाळीत चहाचा कप हातात धरून मी हे सगळं बाईंना सांगितलं. म्हटलं, "बाई, ते कॉम्प्युटर मी पाठवले होते."

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या. "पेपरात फोटो आला होता तुझा. थांब." वहीच्या मागच्या पानांत त्यांनी ते कात्रण ठेवलेलं होतं. फीत कापणारी मी, मागे तीच खोली.

मला काही बोलता येईना. मग विचारलं, "राग नाही आला?"

"आला ना. पंधरा दिवस आला. मग म्हटलं, आपलीच पोरगी आहे, खंजिरीवाली. बोलाले लागली, मोठी झाली." थोडं थांबून म्हणाल्या, "काळ्या पट्ट्यावर डिस्टेंपर मारला, तेव्हा मात्र वाईट वाटलं. सगळ्यांचं होतं वं त्याच्यात."

मी आयुष्यात बरेच रिव्ह्यू ऐकले आहेत, चांगले आणि वाईट. त्या दोन वाक्यांना मी अजून उत्तर शोधते आहे.

यादीत भर

हा लेख लिहिताना तीन गोष्टी झाल्या, त्या सांगून थांबते.

पहिली, मोठ्या बाईंची वही धाकट्या बाईंच्या परवानगीने मी पान न् पान स्कॅन करून घेतली आहे. स्नेहमेळाव्याच्या दिवशी तिची छापील प्रत ग्रंथालयात ठेवू. मूळ वही बाईंकडेच राहील. ज्यांच्याकडे बालवाडीतली चित्रं असतील त्यांनी ती सोबत आणावीत. मागे तारीख आणि बाईंचं अक्षर असेल.

दुसरी, निंबाखालच्या खोलीबद्दल आपल्या काही जणांनी संस्थेकडे अर्ज दिला आहे. पुन्हा बालवाडी सुरू करणं सोपं नाही, आणि आता ती चालवायची तर शिक्षिकांना मानधन नको, पगार हवा; तो कुठून यायचा हे ठरल्याशिवाय मी स्वतः कुठलीही फीत कापणार नाही. निदान भिंत खरवडून पाहावी, एवढी विनंती आहे. डिस्टेंपरखाली काळा पट्टा अजून असेल.

तिसरी गोष्ट सगळ्यात लहान. मागे दिलेली शिक्षकांची यादी संपादक मंडळाने दुरुस्त केली आहे. मोठ्या बाई, धाकट्या बाई आणि मावशी यांची पूर्ण नावं आता तिच्यात आहेत. वेगळी चौकट करून नाही, ‘विशेष आभार’ म्हणूनही नाही. ज्या सालापासून शिकवायला लागल्या त्या क्रमाने, गणिताच्या सरांच्या वर. मी ती इथे मुद्दाम लिहीत नाही. पान उलटून तिथे वाचा, एकदा मोठ्याने वाचा. चाळीस वर्षांनी का होईना, आपल्या बाईंची नावं आपल्या तोंडी येऊ द्या.

(दहावी, मार्च १९९६ ची तुकडी)